बाण नसलेली रेघ

बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाची वही उघडली की पानापानावर अर्धं कोर्ट काढलेलं दिसतं. एका बाजूला रिंग, दुसऱ्या बाजूला मधली रेघ, आत पाच गोल आणि त्या गोलांना चिकटलेल्या पाच फुल्या. गोल आपले, फुल्या समोरच्यांच्या. मग त्यात रेघा सुरू होतात. तुटक रेघ म्हणजे पास. नागमोडी रेघ म्हणजे ड्रिबल करत जाणं. सरळ रेघ आणि टोकाला बाण म्हणजे बॉलशिवाय पळणं, कट मारणं. आणि एक रेघ अशी असते की तिच्या टोकाला बाणच नसतो. तिथे एक छोटी आडवी काडी असते. ती स्क्रीन.

बाकीच्या सगळ्या रेघा कुठेतरी निघालेल्या असतात, ही पोचून उभी राहते. गेली कितीतरी वर्षं मी शाळेतल्या मुलींना हा खेळ शिकवतेय, आणि अजूनही नवी चाल समोर आली की माझी नजर आधी ती आडवी काडी शोधते. ती कुणाच्या पायाशी आहे, कुठल्या अंगाने आहे, आणि तिच्याजवळून जाणारा बाण किती घासून जातोय, एवढं दिसलं की चाल उलगडते. बास्केट पडते तेव्हा सगळं मैदान बॉलकडे बघतं. ती बास्केट कशी पडली हे मात्र चार-पाच मीटर मागे, बॉलपासून दूर, हात छातीशी घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं तरच कळतं.

हा उभा माणूस खेळात आला कुठून, याचं उत्तर खेळाच्या पहिल्या कागदातच सापडतं. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत, जेम्स नायस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि १३ नियम लिहिले. कठडा १० फुटांवर होता, म्हणून रिंग आजही १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर आहे. त्या १३ नियमांतला तिसरा सांगतो की बॉल हातात घेऊन पळायचं नाही. पाचवा सांगतो की खांदा मारायचा नाही, धरायचं नाही, ढकलायचं नाही, पाय घालून पाडायचं नाही. हे दोन नियम शेजारी ठेवून वाचावेत. बॉलवाल्याला पळता येत नाही, म्हणजे पळायचं ते बाकीच्यांनी. आणि समोरच्याला ढकलून वाट करता येत नाही, म्हणजे वाट करायची तर वेगळी युक्ती हवी. स्क्रीनचं बी या दोन नियमांच्या मधल्या फटीत पडलेलं आहे. ढकलू नकोस म्हणतात ना? ठीक आहे, मी नुसता उभा राहतो. तू येऊन आपटलास तर त्याला मी काय करू?

आपल्याकडे आट्यापाट्या खेळलेल्यांना ही गंमत पटकन कळेल. तिथे पाटी धरून उभा राहणारा अडवणारा असतो आणि चढाई करणाऱ्याने त्याला हुलकावणी देऊन पार व्हायचं असतं. बास्केटबॉलमध्ये हे उलटं झालंय. इथे चढाई करणाराच आपल्या साथीदारासाठी पाटी धरतो आणि अडवणाऱ्यालाच त्या पाटीतून वाट काढावी लागते.

उभं राहणं सोपं वाटतं, पण नियम फार बारकाईने लिहिलेला आहे. धक्का लागेल त्या क्षणी स्क्रीन लावणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर आणि स्थिर हवेत. हात, कोपर, कंबर, सगळं आपल्या शरीराच्या रुंदीच्या आत. समोरचा उभा असेल आणि तुम्ही त्याला दिसत असाल तर अगदी जवळ जाऊन उभे राहा. त्याच्या पाठीमागे, नजरेआड उभे राहणार असाल तर त्याला एक पाऊल मागे टाकण्याइतकी जागा सोडायची. तो पळत असेल तर थांबायला किंवा वळायला सवड मिळेल इतकं अंतर ठेवायचं. मला हा नियम वाचताना नेहमी बरं वाटतं. अडव, पण आंधळ्या माणसाला भिंतीवर घालू नकोस, असं काहीसं त्यात लिहिलेलं आहे.

मी स्वतः खेळत होते तेव्हा एकदा हा नियम मी मोडला. जिल्ह्याच्या एका सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, मी आमच्या गार्डसाठी, म्हणजे बॉल घेऊन चाल सुरू करणारीसाठी, स्क्रीन लावायला गेले. जागेवर पोचले, पाय रोवले. तिचा पाठलाग करणारी मुलगी जरा बाहेरून येतेय असं दिसलं आणि माझा डावा पाय तिच्या वाटेत वीतभर सरकला. मुद्दाम नव्हता सरकवला. पायच गेला. मागे आमच्या गार्डने बास्केट केली होती, बाकावरच्या मुली उड्या मारत होत्या, आणि शिट्टी वाजली. पंचांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून फाउलची खूण केली. बास्केट रद्द, बॉल त्यांचा. आम्ही एका गुणाने हरलो. तो वीतभर सरकलेला पाय मला आजही आठवतो, आणि म्हणूनच असेल, मुलींना स्क्रीन शिकवताना मी त्यांचे खांदे बघतच नाही. खाली वाकून पाय बघते.

आता एक चाल सावकाश वाचू. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए या विद्यापीठाच्या संघाने ती इतकी गाजवली की जगभर तिला यूसीएलए कट असंच म्हणतात. जॉन वुडन तिथले प्रशिक्षक. १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत त्यांच्या संघाने १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. एवढ्या यशामागे काहीतरी अवघड गणित असेल असं वाटतं, आणि ही चाल पाहिली की तोंडात बोट जातं, इतकी ती साधी आहे. आठवीतल्या मुलीला दहा मिनिटांत समजते.

गार्ड वर, कोर्टाच्या मधोमध, बॉल घेऊन उभा. उजव्या कडेला, फ्री थ्रो लाइनच्या सरळ रेषेत, त्याचा एक साथीदार. फ्री थ्रो लाइनच्या उजव्या टोकाशी, ज्याला आम्ही कोपर म्हणतो तिथे, संघातला उंच माणूस. गार्ड बॉल कडेला पास करतो. बस, चाल सुरू झाली. आता गार्डवर बचाव करणारा काय करेल? चांगला बचावपटू असेल तर बॉल जिकडे गेला तिकडे एक पाऊल उडी घेईल, त्याला लहानपणापासून तेच शिकवलेलं असतं. त्याची मान बॉलकडे वळते. आणि त्या अर्ध्या क्षणात कोपरावरचा उंच माणूस त्याच्या पाठीशी येऊन उभा राहिलेला असतो. गार्ड त्या उंच माणसाच्या अंगाला घासून सरळ रिंगकडे सुटतो. कडेचा साथीदार बॉल त्याच्या पुढ्यात टाकतो, आणि ले-अप.

यात खेळाडूची कुठली अचाट करामत नाही. ना डोळे दिपवणारं ड्रिबल, ना उंच उडी. मला यातलं सौंदर्य दिसतं ते असं की ही चाल बचावपटूच्या चुकीवर अवलंबून नाही, त्याच्या चांगल्या सवयीवर आहे. तो बॉलकडे सरकला, हे त्याने बरोबर केलं. बरोबर केल्यामुळेच त्याची पाठ स्क्रीनकडे झाली. आणि समजा तो हुशार निघाला, बॉलच्या बाजूने स्क्रीनच्या पुढे आला? मग गार्ड उंच माणसाच्या दुसऱ्या अंगाने जातो. समजा उंच माणसावरचा बचावपटू मदतीला धावला आणि त्याने गार्डची वाट अडवली? मग उंच माणूस मोकळा झाला. तो एक पाऊल मागे बाहेर येतो आणि पास त्याच्याकडे जातो. चांगल्या ओळीत जसा एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला तरी अर्थ कोसळत नाही, उलट नवा निघतो, तसं इथे होतं.

खरं सांगायचं तर स्क्रीन लावली की सगळ्यात मोकळा होतो तो स्क्रीन लावणाराच. ही गोष्ट मुलींना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्यांना वाटतं, आपण दुसरीसाठी राबायला उभ्या राहिलो. पण बघा, दोन बचावपटू एका पळणाऱ्या मुलीच्या मागे लागतात, निदान क्षणभर तरी. तेवढा क्षण दुसरीवर कुणीच नसतं. तिने फक्त योग्य वेळी वळायचं, रिंगकडे तोंड करायचं आणि हात वर करायचा.

वुडन यांची ही चाल पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये ज्यांनी जिवापाड सांभाळली त्यांत जेरी स्लोन यांचं नाव घ्यावंच लागतं. १९८८ च्या डिसेंबरापासून २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत ते युटा जॅझ या संघाचे प्रशिक्षक होते. जॉन स्टॉकटन हा त्यांचा गार्ड, साधारण १८५ सेंटिमीटर उंच, रस्त्यात भेटला तर खेळाडू वाटणार नाही असा. आणि कार्ल मलोन, सव्वादोनशे-अडीचशे पौंडांचा धिप्पाड, दोन मीटरहून उंच. दोघे १८ मोसम एकत्र खेळले. पिक अँड रोल म्हटलं की जाणकारांच्या तोंडी ही जोडी येते. मलोनने स्क्रीन लावायची, स्टॉकटनने तिच्या कडेने जायचं, मलोनने वळून रिंगकडे सुटायचं, स्टॉकटनने त्याच्या हातात बॉल ठेवायचा. समोरच्या संघाला पुढे काय होणार हे पाठ होतं. तरी ते होतच राहायचं.

पण मला त्या जोडीतलं जे सर्वांत देखणं वाटतं ते याच्या उलट आहे. यूसीएलए कट मारून स्टॉकटन रिंगजवळ पोचायचा. बॉल मिळाला नाही, तर तो तिथेच थांबून वाट बघायचा नाही. तो रिंगखालून दुसऱ्या बाजूला जायचा आणि तिथे मलोनवर पहारा देणाऱ्या राक्षसाला स्वतः स्क्रीन लावायचा. मैदानावरचा सर्वांत लहान माणूस सर्वांत मोठ्याला अडवायचा. मलोन रिंगखालून अलीकडे यायचा आणि बॉल घ्यायचा. आणि तेवढ्यात संघातला दुसरा उंच गडी वरून खाली येऊन स्टॉकटनवरच्या बचावपटूला स्क्रीन लावायचा, म्हणजे स्टॉकटन पुन्हा वर, मोकळा.

इथे थांबावं आणि स्टॉकटनवर बचाव करणाऱ्या त्या बिचाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघावं. तुमच्या पुढ्यातून मलोन अलीकडे येतोय. तुम्ही एक पाऊल मधे घालून त्याला जरा अडवलं, तुमच्या सोबत्याला सावरायला वेळ दिला, तर स्टॉकटन तुमच्या हातून निसटला. स्टॉकटनला चिकटून राहिलात तर मलोन रिंगपासून दोन हातांवर, बॉलसकट. मग जोडीदाराशी अदलाबदल करावी? स्विच म्हणून ओरडावं? ओरडलात तर मलोन तुमच्या गळ्यात. म्हणून छोट्याने मोठ्याला स्क्रीन लावायची असते. दोन धिप्पाड माणसांच्या स्क्रीनमध्ये बचावपटू बिनधास्त अदलाबदल करतात, कारण दोन्ही बाजूंना माप सारखं. छोटा आणि मोठा एकत्र आले की अदलाबदल म्हणजे आपणहून ओढवून घेतलेलं संकट. ही एक ओळ मी मुलींच्या वहीत लिहून घेते. बाकीच्या चाली त्या विसरल्या तरी चालतील.

स्टॉकटनच्या नावावर १५,८०६ असिस्ट, म्हणजे थेट बास्केटपर्यंत नेणारे पास, आहेत. हा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. मलोनचे गुण ३६,९२८. हे आकडे कुठेही सापडतात. स्टॉकटनने आपल्यापेक्षा फूटभर उंच माणसांच्या बरगड्यांशी उभं राहून किती स्क्रीन लावल्या, त्यांतून किती सोप्या बास्केट झाल्या, तो आकडा कुठेच नाही. अलीकडे एनबीएत स्क्रीनमुळे झालेल्या बास्केटही मोजू लागलेत. स्टॉकटनच्या काळात गुणपत्रकात त्यासाठी रकानाच नव्हता. आमच्या शालेय सामन्यांच्या गुणपत्रकात तो आजही नाही.

युटा जॅझचा सर्वांत प्रसिद्ध क्षणही एका स्क्रीनवरच उभा आहे. २९ मे १९९७. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतला सहावा सामना, ह्यूस्टन रॉकेट्सच्या घरच्या मैदानावर. गुण १००-१००. घड्याळात २.८ सेकंद. जॅझच्या ब्रायन रसेलने कडेवरून बॉल आत टाकायचा. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता मलोन. अशा वेळी बॉल कुणाकडे जाईल हे शाळकरी पोरही सांगेल. आणि स्लोन यांच्या संघाने त्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला भिंत करून उभं केलं. त्याने ह्यूस्टनच्या क्लाइड ड्रेक्सलरला अडकवलं, स्टॉकटन वर मोकळा झाला, बॉल त्याच्या हातात आला. ह्यूस्टनचाच चार्ल्स बार्कली धावत आला तोवर उशीर झाला होता. तीन गुणांची फेक, घड्याळ शून्यावर, १०३-१००. युटा जॅझ पहिल्यांदाच एनबीएच्या अंतिम फेरीत.

मी ही चित्रफीत किती वेळा पाहिली असेल याला मोजदाद नाही. पहिल्या खेपेला स्टॉकटनला पाहिलं, नंतरच्या प्रत्येक खेपेला मलोनला. आणि मनापासून सांगते, ती स्क्रीन नियमात बसत नाही. मलोनचे हात ड्रेक्सलरभोवती आहेत. तो उभा राहिलेला नाही, त्याने धरून ठेवलंय. ह्यूस्टनचे चाहते अजून तक्रार करतात, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. फेक अप्रतिम, योजना अप्रतिम, पण त्या आडव्या काडीला तिथे हात फुटलेत. म्हणून चालीची रचना समजावताना मी मुलींना हा तुकडा दाखवते, आणि स्क्रीन कशी लावायची ते शिकवताना तो दाखवत नाही. १८ वर्षं रिंगखाली छोट्या स्टॉकटनने जे केलं ते दाखवते. त्यात कुणी उड्या मारत नाही, पण पाय बघण्यासारखे आहेत.

आमच्या कोर्टाला सिमेंट आहे, एका रिंगला जाळी नाही, आणि पावसाळ्यात एका कोपऱ्यात पाणी साचतं. एनबीएच्या चाली तशाच्या तशा इथे चालत नाहीत. मुलींना लांबचा पास जमत नाही, उंची नाही, आणि आठवड्यातून तीनच दिवस सराव. त्यामुळे मी चाल आखते तेव्हा एकच हिशोब धरते: शेवटचा पास दोन मीटरपेक्षा लांब नको आणि शेवटची फेक बोर्डला लावून टाकता आली पाहिजे.

रिंगच्या मागच्या रेषेवरून बॉल आत टाकायचा असतो, त्या वेळची आमची एक चाल आहे. चौघी चौकोनात उभ्या राहतात, दोघी रिंगजवळ, दोघी फ्री थ्रो लाइनच्या टोकांना. बॉल टाकणारीने बॉलवर थाप मारली की वरची नेमबाज मुलगी खाली कोपऱ्याकडे पळते, आणि रिंगजवळची मुलगी दोन पावलं वर येऊन तिचा पाठलाग करणारीला स्क्रीन लावते. सगळे नेमबाज मुलीकडे बघतात, कारण मागच्या दोन सामन्यांत तिने कोपऱ्यातून बास्केट केलेल्या असतात. स्क्रीन लावणारीवर पहारा देणारी मुलगीही अर्धं पाऊल तिकडे झुकते. तेवढं अर्धं पाऊल पुरे. स्क्रीन लावणारी वळते, आपल्या पाठीने त्या मुलीला मागे ठेवते, आणि तिच्यात नि रिंगमध्ये कुणी उरत नाही. पास, बोर्ड, बास्केट. सगळं मिळून तीन सेकंद.

यंदा ही स्क्रीन लावायला एक सातवीतली मुलगी आहे. अंगाने काटकुळी, वजन तिच्या दप्तराएवढं असेल. पहिल्या आठवड्यात ती दर वेळी धक्का लागायच्या आधीच डोळे मिटायची आणि मागे सरायची. मी तिला म्हटलं, डोळे मिटू नकोस, येणारीच्या छातीकडे बघ, पोट आत घे आणि श्वास सोड. तिने विचारलं, "ताई, लागेल का?" मी म्हटलं, लागेल. खोटं काय सांगायचं. मी तिच्या शेजारी उभी राहून स्वतः चार-पाच धक्के खाऊन दाखवले. सहावा तिने खाल्ला. मागच्या पावलावर गेली, पडली नाही. पाय सरकले नव्हते, मी खाली वाकून पाहिलं होतं.

बास्केट झाली की पास देणारीकडे बोट करून तिचे आभार मानायचे, ही पद्धत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या डीन स्मिथ यांनी आपल्या संघाला लावली होती. आमच्याकडे त्यात मी एक भर घातलीय. पासवालीकडे एक बोट, स्क्रीनवालीकडे एक. सुरुवातीला मुली विसरायच्या, आता गर्दीत कुणाकडे बोट करायचं म्हणून शोधतात, आणि त्या शोधण्यातच त्यांना चाल दिसायला लागलीय. परवा तर बास्केट न करताच एक जण दुसरीकडे बोट करून ओरडली, "मस्त होती गं स्क्रीन!" फेक हुकली होती.

सराव संपल्यावर मुली सिमेंटवर खडूने चाली काढत बसतात. त्या दिवशी ती सातवीतली मुलगी नवी चाल काढत होती, तिची स्वतःची. बाकीच्या आधी गोल काढतात, मग फुल्या, मग बाण. ही गुडघ्यावर बसली, रिंगच्या खुणेपासून बोटांनी अंतर मोजलं आणि आधी एक आडवी काडी काढली. मग त्या काडीच्या मागे, जरा विचार करून, पहिला गोल.